संत्र्याच्या कुकीज: वास येतो, पण कडू होतात. काय चुकतंय?

वरूडची सून | ४ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाचत असते नेहमी, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आमचं गाव वरूडपासून आठ-नऊ किलोमीटर. घरचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहराचा, म्हणजे गेल्या हिवाळ्यात फुलून आता पिकलेला, माल निघाला, व्यापाऱ्यानं मोठं फळ उचललं अन् बारीक फळाचे चार कॅरेट ओसरीत पडून आहेत. पोरगी सहावीत. तिच्या शाळेत २० तारखेला बाल आनंद मेळावा आहे. दरवर्षी आलूबोंडा, भेळ, चिवडा हेच स्टॉल असतात. तिनं मोबाईलवर संत्र्याच्या कुकीज पाहिल्या, वर पांढरंशुभ्र आयसिंग, त्यावर केशरी सालीचा कीस. म्हणते, "आई, आपल्या घरी संत्रेच संत्रे आहेत, आपण हेच करू."

तीनदा करून पाहिल्या.

पहिल्या वेळी अर्धी वाटी रस घातला. पीठ सैल झालं म्हणून मैदा घालत गेली. कुकीज दाताखाली फुटेनात, अन् संत्र्याची चव नावालाही नाही.

दुसऱ्या वेळी दोन संत्र्यांची साल मिक्सरमध्ये वाटून घातली. भाजताना घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू विचारत आल्या. पण खाल्ल्यावर कडू. सासूबाईंनी एक घास घेऊन बशी बाजूला ठेवली, बोलल्या काही नाहीत.

तिसऱ्या वेळी साल कमी घातली, तर सगळ्या कुकीज पसरून ट्रेभर एकच पोळी झाली. वरचं आयसिंगही वाळलं नाही, रात्रभरात आत मुरून गेलं.

लोणी घरचं आहे. भावानं दिलेला छोटा ओव्हन आहे. अंडं आमच्या घरी चालत नाही. मला हे जमवायचंच आहे, पोरीला शब्द दिला आहे. कुठं चुकतंय ते सांगा.

---

अकोटकर | ४ डिसेंबर, रात्री ९.५८

रस नको, साल पाहिजे. अन् सालीतलीही फक्त वरची केशरी. आतलं पांढरं आलं की कडू झालंच समजा.

---

ओव्हनताई | ४ डिसेंबर, रात्री १०.२५

अकोटकरांशी सहमत. थोडं सविस्तर लिहिते, कारण मीही दोन वर्षं यातच अडकले होते. (माहेर दर्यापूर, आता पुण्यात.)

संत्र्याचा जो वास आपल्याला वेड लावतो तो सालीवरच्या बारीक ठिपक्यांमधल्या तेलाचा. लहानपणी साल दुमडून दिव्याच्या ज्योतीवर पिळायचो, तडतड ठिणग्या उडायच्या, तेच हे तेल. रसात ते नसल्यासारखंच. रसात पाणी, साखर आणि थोडी आंबट चव. ओव्हनमध्ये पाणी उडून जातं आणि चवीला फारसं काही उरत नाही. म्हणून तुमची पहिली खेप फसली.

हे तेल पाण्यात विरघळत नाही, तुपा-लोण्यात विरघळतं. त्यामुळे सालीचा कीस मैद्यात टाकू नका. आधी साखरेत घाला आणि बोटांनी चांगली दोन मिनिटं चोळा. साखर ओलसर आणि किंचित केशरी दिसायला लागते, हाताला तेल लागतं. मग त्यात लोणी घालून फेटा.

आपल्या संत्र्याची अडचण अशी की साल सुटी असते. किसणीवर घासलं की ती आत दबते, फाटते आणि पांढऱ्यासकट येते. मी उलटं करते. संत्रं सोलून सालीचे चार तुकडे करते. तुकडा पोळपाटावर पालथा, म्हणजे पांढरी बाजू वर, ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या कडेनं पांढरं खरवडून काढायचं. खरवडता खरवडता साल इतकी पातळ होते की उजेडात धरली तर ठिपके आरपार दिसतात. तिथं थांबायचं. मग सुरीनं अगदी बारीक चिरायची. वेळ लागतो, पण कडूपणा जातो.

---

हिंगणघाट ते न्यू जर्सी | ४ डिसेंबर, रात्री १०.४१

ओव्हनताईंच्या सुट्या सालीच्या मुद्द्याला माझी पुस्ती. तुमच्या लेकीनं पाहिलेली कृती बहुतेक इकडची असणार. इथं नाताळात घरोघरी अशा कुकीज करतात. पण इकडचं ऑरेंज वेगळं. त्याची साल जाड आणि गराला घट्ट चिकटलेली, किसणीवर फिरवलं की वरचा थर आपोआप निघतो. आपलं नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीतलं. इकडचं बटरही वेगळं, त्यात ८० टक्के तरी स्निग्धांश असतो. तीच कृती आपल्या फळाला आणि घरच्या लोण्याला जशीच्या तशी लावली की फसते. ताई, तुमचा हात चुकलेला नाही, कृतीच दुसऱ्या फळाची आहे.

---

वरूडची सून | ४ डिसेंबर, रात्री ११.०२

हे वाचून जिवात जीव आला. मी तं समजत होती की मलेच जमत नाही.

ओव्हनताई, उद्याच चमच्यानं खरवडून पाहते.

---

काटोलवाला | ५ डिसेंबर, सकाळी ६.३०

ताई, बगीचा घरचा आहे तं फळ निवडून घ्या. झाडावर जास्त दिवस राहिलेलं, फुगलेलं, पोकळ वाजणारं फळ सालीसाठी घेऊ नका. त्याची साल कापसासारखी झालेली असते. देठाजवळ जरासा हिरवा रंग असलेलं, हाताला घट्ट लागणारं फळ घ्या. त्याच्या सालीत तेल भरपूर. तुमचं बारीक फळ बहुतेक असंच असेल, व्यापाऱ्यानं सोडलं ते तुमच्या कामाचं निघालं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, पोरं खाणार आहेत म्हणून सांगतो. शेवटची फवारणी कधी झाली ते घरच्यांना विचारा. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस उलटले असतील तरच साल वापरा. ज्याची साल खायची ते फळ कोमट पाण्यात मीठ टाकून हातानं चोळून धुवा, फडक्यानं कोरडं करा. बाजारातून आणणाऱ्यांनी तं नक्कीच, कारण चमक यायला फळाला मेणाचा हात दिलेला असतो.

झाडाखाली गळालेलं फळ यात घेऊ नका. देठाजवळ सडलेलं, काळं पडलेलं असलं तर सालीलाच कुबट वास येतो.

---

भट्टीवाला | ५ डिसेंबर, दुपारी २.१५

यवतमाळ जिल्ह्यात आमची छोटी बेकरी आहे, वडिलांपासूनची. पसरण्याबद्दल सांगतो.

तुमचं लोणी घरचं, म्हणजे त्यात ताकाचं पाणी आहे. किती आहे ते रोज वेगळं. ते पाणी मैद्याला सैल करतं. त्यात ट्रे भरेपर्यंत लोणी वितळायला आलेलं असेल तर कुकी भाजायच्या आधीच बसते.

लोण्याचा गोळा फ्रीजच्या पाण्यात दोन-तीनदा मळा. पाणी पांढरं येणं थांबेपर्यंत पाणी बदला. मग स्वच्छ फडक्यात दाबून कोरडा करा. नंतरच वजन करा. वाटीनं मोजू नका, किराणावाल्याकडून काट्यावर मोजून आणलं तरी चालेल.

१०० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर, दोन मध्यम संत्र्यांची खरवडलेली साल. लागलंच तर एक-दोन चमचे दूध. रसाचा थेंबही पिठात नाही.

लोणी-साखर फेटायची ती रंग फिका होईपर्यंतच. नानकटाईसारखी खूप फेटली तर हवा जास्त भरते, कुकी आधी फुगते आणि मग पसरते. मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. लाटा पाव इंच जाड, वाटीनं किंवा डबीच्या झाकणानं कापा, आणि कापलेल्या चकत्या ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. ही पायरी कोणी सोडते म्हटलं तर मी तिला कुकी देणार नाही. मग १७० अंशावर १२ ते १४ मिनिटं. कडा जरा सोनेरी, मधला भाग फिकाच. गरम असताना मऊ लागतात म्हणून परत आत घालू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

एवढ्यात साधारण २४ नग होतील.

---

जुनी सुगरण | ५ डिसेंबर, दुपारी ४.५०

लोण्याचा एवढा खटाटोप काऊन करता बाप्पा? साजूक तूप घ्या. आमच्या काळी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायचो. भट्टीपाशी नंबर लावून बसायचं, संध्याकाळी पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी. तिथं कोणी लोणी नेलेलं मी पाहिलं नाही. तुपात पाणीच नाही, पसरायचा प्रश्नच नाही.

---

भट्टीवाला | ५ डिसेंबर, संध्याकाळी ५.२०

मावशी, तुमचा मान राखून सांगतो, तुपाची नानकटाई होते, ही कुकी होत नाही. तुपाची जिभेवर भुगा होते, आणि ते तिचं सौंदर्यच आहे. पण हिच्यावर आयसिंग चढवायचं आहे, पोरं ती हातात घेऊन मैदानभर फिरणार. तिला थोडा चिवटपणा हवा, तो लोण्यातल्या पाण्यानं येतो. शिवाय तुपाचा स्वतःचा वास दांडगा, संत्रा त्याखाली दबतो.

तरी तूपच घ्यायचं तर ८० ग्रॅम थिजलेलं तूप आणि चार चमचे गार दूध, १०० ग्रॅम लोण्याच्या जागी. थिजलेलंच, वितळलेलं नाही.

---

जुनी सुगरण | ५ डिसेंबर, संध्याकाळी ५.४४

वासाचं पटलं. पण नानकटाईत वेलचीऐवजी हा कीस घालून मी पाहणार आहे, कोणी अडवू नका.

---

रंगीत पतंग | ५ डिसेंबर, रात्री ८.०५

एवढं खरवडत बसण्यापेक्षा ऑरेंज इसेन्सची बाटली आणा की. दोन थेंब आणि केशरी रंग. पोरांना काय कळतं?

---

मास्तर, मोर्शी | ५ डिसेंबर, रात्री ८.३१

पतंगराव, पोरांना कळतं. मी २६ वर्षं शाळेत आहे. आमच्या वर्गात संत्र्याची गोळी आणि संत्रा डोळे मिटून ओळखायचा खेळ घेतला होता, एकही पोरगं चुकलं नाही. ज्या गावात दारापुढं संत्र्याचं झाड आहे तिथं बाटलीतला संत्रा विकायचा हे मनाला लागतं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ह्या मातीतल्या फळाला आहे. आपल्याच लेकरांना त्याची खरी चव एका कुकीतून मिळत असेल तर खरवडायला अर्धा तास गेला म्हणून काय झालं?

थोडं विषयांतर. आमच्याकडं जांभिरी नावाच्या लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. कधी कधी डोळ्याच्या खालून खुंटालाच फुटवा येतो, वेळीच काढला नाही तर त्याला जांभिरीची खडबडीत लिंबं लागतात. लोक फेकून देतात. माझी आई त्याचं लोणचं घालायची. त्याच्या सालीचा वास मला अजून आठवतो, संत्र्यापेक्षा रानटी. कोणी कुकीत घालून पाहिलं आहे का?

---

अकोटकर | ५ डिसेंबर, रात्री ८.५०

जांभिरीचं माहीत नाही. मी कागदी लिंबाच्या केल्या आहेत. लिंबाची साल पातळ आणि घट्ट, बारीक किसणीवर छान निघते. नवख्यांनी आधी लिंबावर हात बसवावा.

---

रंगीत पतंग | ५ डिसेंबर, रात्री ९.१०

मास्तर, मान्य. बाटली मागे घेतो.

---

वरूडची सून | ७ डिसेंबर, रात्री ९.१५

झाल्या! भट्टीवाला दादा म्हणाले तशाच्या तशा केल्या. लोणी मळताना तिसऱ्या पाण्यापर्यंत दूधट पाणी निघत होतं, म्हणजे आधी मी केवढं ताक कुकीत घालत होती. पसरल्या नाहीत, कडा वाटीनं कापल्या तशाच गोल राहिल्या. कडू अजिबात नाही. सासूबाईंनी दोन खाल्ल्या, अन् तिसरी पदरात घेऊन शेजारी गेल्या.

आता आयसिंग सांगा. घरी वाटलेली पिठीसाखर अन् संत्र्याचा रस घेतला होता. पाण्यासारखं पसरतं, वाळत नाही, अन् नुसतं गोड लागतं.

---

ओव्हनताई | ७ डिसेंबर, रात्री ९.५०

तीन गोष्टी.

घरी वाटलेल्या साखरेत कणी राहते. वस्त्रगाळ करा, आणि १०० ग्रॅमला दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर घाला. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये तसं स्टार्च असतंच, म्हणून ती आळते.

रस गाळून घ्या आणि चमच्यानं मोजा. १०० ग्रॅम साखरेला तीन लहान चमचे, चौथा थेंबाथेंबानं. चमच्यातून पडलेली धार वाटीत दहा मोजेपर्यंत दिसत राहिली पाहिजे. लगेच मिसळली तर साखर घाला.

नुसतं गोड लागतं कारण साखरेपुढं आपल्या संत्र्याचा आंबटपणा कमी पडतो. तीन चमच्यांतला एक लिंबाच्या रसाचा घ्या. चव एकदम जागी होते, आणि लोकांना वाटतं संत्राच जास्त घातला आहे. वरून सालीचा कीस.

कुकी पूर्ण गार हवी. कोमट कुकीवर घातलं की वितळून आत शिरतं, तुमचं तेच झालं असणार.

---

नीलपरी | ७ डिसेंबर, रात्री १०.१२

लोणी फेटून करतात ते जाड, फुलांसारखं फ्रॉस्टिंग नाही का चालणार? जास्त छान दिसतं.

---

भट्टीवाला | ७ डिसेंबर, रात्री १०.३०

दिसतं छान, पण ते वाळत नाही. एकावर एक रचता येत नाही, दुपारच्या उन्हात स्टॉलवर घाम फुटतो त्याला. डिसेंबर आहे म्हणून थोडं तरी टिकेल. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तेव्हा लोण्याचं फ्रॉस्टिंग वाटीतच तेल होतं. मेळाव्याला साखरेचंच बरं. सकाळच्या कोरड्या थंडीत पंख्याशिवाय तीन-चार तासांत कडक होईल.

---

वरूडची सून | १३ डिसेंबर, रात्री ८.२०

आयसिंग जमलं. लिंबाची युक्ती तं सोन्यासारखी.

आता ७२ करायच्या आहेत. ट्रेमध्ये १२ मावतात. १९ तारखेला करायच्या, पण आमच्याकडं लाईनचा भरवसा नाही, संध्याकाळी जाते ती कधी येईल सांगता येत नाही. अर्ध्यात लाईन गेली तर?

---

जुनी सुगरण | १३ डिसेंबर, रात्री ८.४५

गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, भाजा. जुना जाड बुडाचा मोठा गंज घ्या, तळाला दोन बोटं मीठ नाहीतर कोरडी रेती, त्यावर कढई ठेवायची कडी, वर झाकण, झाकणावर वजन. दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या. मग स्टीलच्या ताटलीत पाच-सहा कुकीज ठेवून आच अगदी बारीक. १५ ते २० मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला एकदा पाहा, बूड लवकर लाल होतं. ताटलीखाली आणखी एक ताटली ठेवली तर जळत नाही.

कुकर नका घेऊ. कोरडा तापवून माझा एक खराब झाला आहे.

---

ओव्हनताई | १३ डिसेंबर, रात्री ९.०५

आणि सकाळीच भाजून मोकळ्या व्हा. सहा ट्रे, प्रत्येकी १३ मिनिटं, दीड तासाचं काम. पीठ आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर वास उलट जास्त मुरतो.

---

काटोलवाला | १३ डिसेंबर, रात्री ९.३०

किंमत काय ठेवणार? घरचं लोणी, घरचे संत्रे म्हणून फुकट धरू नका. व्यापारी आपल्याला तसंच धरतो. पोरीला वहीत हिशेब मांडायला लावा, संत्र्याचाही भाव लिहायला लावा.

---

मास्तर, मोर्शी | १३ डिसेंबर, रात्री ९.४८

काटोलवाले, हे फार मोलाचं बोललात. मेळावा असतोच त्यासाठी.

---

वरूडची सून | २१ डिसेंबर, दुपारी १.१०

मंडळी, काल मेळावा झाला.

१९ ला पहाटे पाचला उठली. चौथ्या ट्रेला लाईन गेलीच. चूल पेटवून गंज ठेवला, उरलेल्या ३६ गंजात भाजल्या. खरं सांगू का, गंजातल्या जास्त खुसखुशीत झाल्या. आयसिंग पोरीनं स्वतः घातलं, चमच्याच्या पाठीनं, जीभ ओठावर ठेवून एकेक. दोन कुकीज हातातून पडून तुटल्या त्या आजीनं घेतल्या. ७० नेल्या, ५ रुपयाला एक. आलूबोंड्याच्या आधी संपल्या. ३५० रुपये आले. वहीत खर्च मांडला, संत्र्याचे अन् लोण्याचेही पैसे धरले, तरी हाती उरले. आता रोज शाळेतून आली की विचारते, ओसरीतले कॅरेट संपले तं नाहीत ना.

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनी बारीक फळ यंदा विकायला काढलं नाही, म्हणाले राहू दे घरी.

मास्तर, तुमचं जांभिरीचं वाचून दाखवलं तं सासूबाई बगीच्यात जाऊन खुंटावरची चार फळं घेऊन आल्या. आत्ता ओसरीत बसून साल खरवडताहेत, सगळ्या घरात वास आहे. १०० ग्रॅम लोण्याला किती घालू?

---

भट्टीवाला | २१ डिसेंबर, दुपारी १.३५

पाव चमच्यानं सुरुवात करा, बाकी संत्र्याची. एकच ट्रे भाजा आणि गार झाल्यावर चाखा. इथं लगेच लिहा, मी वाट पाहतो.

---

मास्तर, मोर्शी | २१ डिसेंबर, दुपारी १.४०

मीही.